रानातला अंतरपाट

आप्पांबरोबर चहा प्यायचा म्हणजे आधी टेबल हलवावं लागे. गंगापूर रोडवर आमच्या ऑफिसच्या खाली एक हॉटेल होतं. आप्पा आत शिरले की वेटरकडे न बघता आधी खिडक्यांकडे बघत, मग दाराकडे, मग बसलेल्या गिऱ्हाइकांकडे. एखाद्या अनोळखी माणसाजवळ जाऊन म्हणत, "तुम्ही जरा त्या बाकावर बसता का? इथे तुमच्या तोंडावर फार अंधार आहे." एकदा एका गृहस्थाला वाटलं, हे ज्योतिषी आहेत. बिचाऱ्याने ताबडतोब उजवा हात पुढे केला आणि विचारलं, "कधीपर्यंत आहे?" आप्पा घड्याळात बघून म्हणाले, "साडेअकरापर्यंत. मग ऊन फिरेल." तो माणूस आप्पांच्या पाया पडून गेला, आणि आप्पांना तो का पडला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा नाशिकच्या एका छोट्या दैनिकात जिल्हा पानाचा उपसंपादक होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमचा पेपर अजून काळा-पांढराच निघत होता. आप्पा आमचे फोटोग्राफर. म्हणजे नोकरीत नव्हते. बोलावलं की येत, आणि न बोलावता त्याहून जास्त येत. वय साठीच्या आसपास, अंगात बारा महिने खादीचं जाकीट, नखं औषधांनी तपकिरी झालेली आणि हातात भर थंडीतही काळी छत्री. भिंगावर तिरपं ऊन येऊ नये म्हणून ती छत्री. पावसात ती कॅमेऱ्यावर धरून स्वतः चिंब भिजत यायचे. ज्याचा फोटो काढायचा त्याला ते 'तुम्ही' म्हणत, मग ते तान्हं मूल असो नाहीतर पोळ्याचा बैल. "तुम्ही जरा मान वळवा," असं मी त्यांना बैलाला सांगताना ऐकलं आहे. बैलाने वळवली होती.

तोंडावर आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो आणि पाठीमागे 'बिनफ्लॅश'. कारण ते फ्लॅश वापरत नसत. फ्लॅश म्हणजे माणसाच्या तोंडावर थप्पड, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका मोठ्या पाहुण्यांच्या भाषणाचा फोटो त्यांनी आणला, त्यात अंधारात चमकणारा फक्त एक चष्मा होता. संपादक खवळले. "आप्पा, यांचा नुसता चष्मा आलाय!" आप्पा शांतपणे म्हणाले, "त्या हॉलमध्ये तेवढंच होतं." त्या दिवशी आम्ही फोटोशिवाय बातमी लावली आणि संपादकांनी दोन गोळ्या घेतल्या.

लग्नांत मात्र त्यांना मागणी होती, कारण त्यांच्या फोटोत नवरी सुंदर दिसायची. पण नवरीचे घरवाले त्यांना पुन्हा बोलावायला बिचकत. एका लग्नात मी स्वतः हजर होतो. सकाळचा मुहूर्त, मंडपाला एका बाजूने उघडी जागा, तिथून ऊन आत आलेलं. नवरा-नवरीमध्ये अंतरपाट धरलेला, पांढराशुभ्र, नवा. त्यावर ऊन पडलं होतं आणि नवरीच्या झुकलेल्या तोंडावर त्या कापडाचा सगळा उजेड आला होता. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं, अक्षता हातात तयार, आणि आप्पा ओरडले, "भटजी, अजून एक म्हणा! अंतरपाट काढू नका!" भटजींना वाटलं, मुहूर्ताची घटका अजून भरली नाही की काय. त्यांनी घाईघाईने आणखी एक म्हटलं. आप्पा म्हणाले, "अजून एक." तिसऱ्या जादा मंगलाष्टकाला नवऱ्याच्या काकांनी आप्पांची कॉलर धरली. फोटो मात्र असा आला होता, की ती मुलगी पुढे परदेशात गेली तेव्हा बरोबर तो एकच फोटो घेऊन गेली.

त्यांच्याजवळ शाळकरी शंभर पानी वह्या होत्या आणि त्यांत नाशिकचा उजेड लिहिलेला होता. 'गंगापूर रोड, तिसऱ्या वळणावरचा शिरीष, मार्च, सव्वानऊ, उत्तम.' 'त्र्यंबकेश्वर, देवळामागची गल्ली, श्रावण, दुपार, बरा.' 'घर, स्वयंपाकघर, संध्याकाळी पाच, फक्त थंडीत.' या शेवटच्या नोंदीबद्दल आप्पांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "म्हणून मला थंडीत पाच वाजता कांदे चिरायला बसवतात. लग्नात मला म्हणाले, जरा उजवीकडे बघा. ते अजून बघतेच आहे." हे सांगताना वहिनी उजवीकडेच बघत असत आणि खरंच छान दिसत.

आता सायकलींकडे येतो.

त्या सुमारास गंगापूर रोडवरच्या काही हौशी लोकांनी डोंगरी सायकलींचा क्लब काढला. गिअरच्या, जाड टायरच्या सायकली नाशकात नुकत्याच दिसू लागल्या होत्या. क्लबने हरसूलकडच्या रानात शर्यत ठेवली. डोंगराच्या माथ्यावरून सुटायचं, ऐन आणि सागाच्या रानातून, दगडधोंड्यांतून, पायवाटेने खाली पाड्यापर्यंत यायचं. बावीस स्पर्धक आले. मुलामुलींची वेगळी शर्यत करण्याइतकी माणसंच नव्हती, म्हणून सगळे एकत्र सुटले. आणि पहिली आली त्याच पाड्यावरची यमुना. वीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. काळ्या दांडीच्या जडशीळ सायकलवरून ती रोज त्याच वाटेने जा-ये करायची. त्या दिवशी क्लबने तिला गिअरची सायकल दिली होती. नाशिकची मुलं ज्या दगडांना ब्रेक मारत होती, ते दगड तिला नावानिशी माहीत होते.

क्लबच्या माणसाने मला दोन फोटो दिले. एकात दुसरा आलेला मुलगा, पिवळं हेल्मेट, हात वर, लख्ख. दुसऱ्यात यमुना, म्हणजे सायकल, हेल्मेट आणि त्याखाली एक काळा डाग. मी पिवळं हेल्मेट लावलं. बातमीत यमुनाचं नाव दिलं होतं, तेव्हा आपण अन्याय केला असं माझ्या मनातही आलं नाही. पान भरलं, मी घरी गेलो.

दुसऱ्या वर्षी मी आप्पांना पाठवलं. यमुना पुन्हा पहिली आली. आप्पा संध्याकाळी परतले, तीन दिवस दिसले नाहीत, आणि चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "काही आलं नाही." त्यांचं तोंड इतकं पडलं होतं की मी पुढे विचारलं नाही. क्लबकडे पिवळ्या हेल्मेटचा फोटो होताच. तो मुलगा बिचारा भला होता. त्याने मला फोन करून सांगितलं, "सर, माझा लावू नका हो, मी दुसरा आलोय." मी म्हटलं, "अरे, पण तुझाच नीट आलाय." आणि लावला.

आठ दिवसांनी दुपारी एक मुलगी ऑफिसात आली. एसटीने आली होती, चपलांवर धूळ होती. तिने पिशवीतून दोन पेपर काढले, एक गेल्या वर्षीचा, एक यंदाचा, आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"सर, ह्यात मी कुठं हे?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मी समजावू लागलो, की रानातला उजेड अवघड असतो, फोटोत तुझा चेहरा काळा आला, पेपरात तर आणखी काळा झाला असता.

"काळी तर मी हेच, सर," ती म्हणाली. "पण मला तोंड हे ना."

मग ती जरा निवळली आणि खरं कारण तिने सांगितलं. "भात कापून झाला का माझा बा पिंपळगावला जातो, द्राक्षाच्या कामाला. तिथं त्यानं सगळ्यांना सांगितलं, माझी पोर सायकलीत पयली आली, पेपरात आलंय. त्यांनी पेपर आणून बघितला तं फोटोत हे पोरगं. मुकादम म्हणला, ही तुझी पोर का रे? हिला तं मिशा फुटल्यात! बा म्हणला, पुढच्या साली बघा. ह्या साली परत मिशा. आता बा कोणाला काय सांगत नाय. घरी आला तरी त्या गोष्टीचं बोलत नाय."

कोपऱ्यातल्या बाकावर आप्पा बसले होते. ते उठले, छत्री काखेत मारली आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, यंदाचा फोटो मी काढला होता. चूक तुमच्या रंगाची नाही, माझी आहे. पुढच्या वर्षी तुमचं तोंड आलं नाही, तर मी कॅमेरा ठेवून देईन."

विशीतल्या मुलीला साठीचा माणूस 'तुम्ही' म्हणतोय म्हणून ती गोंधळली. मला मात्र घाम फुटला, कारण आप्पा बोलले की करत, हे मला माहीत होतं. आणि कॅमेरा ठेवून आप्पा जगले असते असं मला वाटत नाही.

तिथून पुढचं वर्षभर दर रविवारी हा माणूस मोपेडवरून हरसूलच्या रानात जात होता. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तिथून पुढे घाट उतरून ती वाट. काही वेळा मीही मागे बसून गेलो. पापक्षालन म्हणा हवं तर. पाहतो तो काय, वाटेवर जागोजाग चुन्याने गोल काढलेले आणि प्रत्येक गोलाशेजारी खडूने दगडावर वेळ लिहिलेली. नऊ दहा, नऊ पंधरा, नऊ वीस. झाडांच्या पानांतून जमिनीवर पडणारा उन्हाचा तुकडा, आपला कवडसा, तो कुठून कुठे सरकतो याचा तो नकाशा होता. पाड्यावरच्या बायकांनी आधी ती करणी समजून ती वाट सोडली होती. मग आप्पांनी त्यांना दिवसभर समजावलं आणि जेवूनही आले.

"तुमच्या लक्षात येतंय का?" आप्पा मला विचारत. "आपला डोळा समजूतदार असतो. सावलीत जरा थांबतो, उन्हात जरा मिटतो, सगळं निभावून नेतो. फिल्मला समजूत नसते. कवडशाकडे बघून काढला तर तोंड काळं. तोंडाकडे बघून काढला तर रान जळून पांढरं. आणि तोंडावरच कवडसा पडला तर माणूस चितळासारखा ठिपक्याठिपक्यांचा. म्हणजे तोंड सावलीत पाहिजे, पण ती सावली उजळलेली पाहिजे. कशी उजळायची?"

"फ्लॅश," मी म्हणालो.

"उतारावर त्या मुलीच्या डोळ्यांत वीज पाडू? दरीत जाईल ती." या वेळी हा हट्ट नव्हता, खरंच होतं ते.

शर्यतीत यमुना वळणावर येईल तशी कोणीतरी सायकल चालवून दाखवायला हवी होती. ते काम माझ्याकडे आलं. मी तेव्हाही काही शेलाटा नव्हतो. अकरा वेळा मी ते वळण उतरलो, चार वेळा पडलो, आणि आप्पा वरून ओरडत होते, "अहो संपादक, लवकर या ना! तुम्ही पोचेपर्यंत कवडसा गेला की पुढे!" बाराव्या वेळी मी चिडून सायकल ढकलतच खाली येत होतो. समोरून एक म्हातारबा वर येत होते, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर. पाड्यावरचेच होते. ते वाटेच्या कडेला उन्हात उभे राहिले, मी त्यांच्याजवळून गेलो आणि आप्पा किंचाळले, "हलू नका! दोघंही हलू नका!"

ते धावत खाली आले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "बाबा, तुम्ही जरा पुढे सरका. अजून. आता मागे व्हा. आता पुन्हा पुढे." म्हातारबा पुढे-मागे झाले आणि आप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"अंतरपाट!" ते म्हणाले. "अहो, हा अंतरपाट आहे!"

म्हातारबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. लग्न कोणाचं लागतंय ते त्यांना कळेना. आप्पांनी मला समजावलं. उन्हात उभ्या पांढऱ्या कपड्यांचा उजेड सावलीतल्या तोंडावर जातो, मंडपात नवरीच्या तोंडावर जात होता तसाच. पण एका सदऱ्याने भागणार नव्हतं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक मोकळी जागा होती, तिथे शर्यतीच्या वेळेला भरपूर ऊन असे. ती सगळी पांढरी व्हायला हवी होती.

"चादरी लावू," मी म्हटलं.

"वाऱ्याने फडफडतील, सायकलवाले बिचकतील. बाबा, तुमच्या पाड्यावर पांढऱ्या कपड्यांची चाळीस माणसं मिळतील? शर्यतीच्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, इथे बसायला?"

म्हातारबांनी क्षणभर विचार केला. त्यांचे डोळे चमकले. "चाळीस कशाला, शेजारच्या पाड्याचे धरून पन्नास आणतो," ते म्हणाले आणि झपाझप चालू लागले. जाताना ते इतके खूश का होते, हे आमच्यापैकी कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

ते तिथल्या भजनी मंडळाचे प्रमुख होते. पांढरे कपडे घालून पन्नास माणसांना सकाळी बोलावलं, म्हणजे दुसरं काय असणार?

जानेवारीतला तो रविवार. पहाटेपासून धुकं, आठला ते फिटलं आणि स्वच्छ ऊन पडलं. आम्ही वळणावर पोचलो तर पन्नास माणसं पांढऱ्या कपड्यांत, परीट घडीच्या टोप्या घालून, ओळीने बसलेली. प्रत्येकाच्या हातात टाळ. मध्ये पखवाज. म्हातारबांच्या गळ्यात वीणा. मागे बायका भाकरीची टोपली घेऊन तयार.

"सुरू करू का?" म्हातारबांनी विचारलं.

आप्पांचा जीव खाली-वर झाला. "अहो, भजन नको! सायकलवाली मुलं येणार, दचकतील, पडतील. तुम्ही नुसतं बसा."

"नुसतं?"

"नुसतं. फक्त उजेड द्यायचा."

"उजेड द्यायला आम्ही का ट्यूब हे?" म्हातारबा खरंच दुखावले. "पन्नास माणूस दोन पाड्यांचं आलंय. मुक्यानं बसून जायचं?" पखवाजवाला तर उठायलाच लागला. आप्पा त्यांच्या पाया पडले. शेवटी तडजोड झाली, की सगळे स्पर्धक गेले आणि आप्पांनी हात वर केला की मग मनसोक्त भजन. तोवर टाळ मांडीवर. म्हातारबांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

आप्पा वळणाच्या आतल्या अंगाला एका दगडामागे गुडघ्यांवर बसले. मी छत्री धरून. त्यांनी आपला तळहात वळणावरच्या सावलीत धरून बघितला, पन्नास सदऱ्यांचा उजेड त्यावर आला होता. "बरोबर," ते म्हणाले. त्यांचा कॅमेरा जुना, एक फोटो काढला की हाताने फिल्म पुढे सरकवायची. आणि त्या वळणावर सायकल दिसायची ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत. म्हणजे फोटो एकच. वर्षभराचा खेळ त्या एका खटक्यावर.

नऊ वाजून अठरा मिनिटांनी वर झाडांत काहीतरी हललं. खडखड आवाज आला. यमुना सगळ्यांच्या पुढे होती. मान खाली, नजर पुढच्या चाकासमोरच्या दगडावर, हेल्मेटची पुढे आलेली झापड भुवयांवर.

आणि पाड्याला आपली मुलगी दिसली. कोणीच कोणाच्या ताब्यात राहिलं नाही. कोणीतरी आरोळी ठोकली, पखवाजावर थाप पडली आणि पन्नास टाळ एकदम कडाडले. आप्पांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच शिवी ऐकली, ती तेव्हा.

यमुनाने मान वर केली. समोर सगळं गाव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत टाळ वाजवतंय, हे बघून ती तोंड भरून हसली. आप्पांनी बटण दाबलं. ती गेली.

मागून पिवळं हेल्मेट आलं, मग बाकीचे एकामागून एक. टाळांच्या गजरात कोणी दचकलं नाही; उलट दोघांनी हात हलवले. आप्पांनी भिंगावर झाकण घातलं होतं. ते दगडावर बसून राहिले होते. "मान वर केली हो तिने," ते म्हणाले. "मी वर्षभर उजेड बघितला, आणि उतारावर मान खाली असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. झापडीखाली तोंड दिसलंच नसतं. मी या लोकांना गप्प बसवत होतो!" मग ते उठले, म्हातारबांकडे गेले आणि त्यांच्या शेजारच्या माणसाकडून टाळ मागून घेतला. ताल चुकत होता, पण पखवाजवाला सांभाळून घेत होता. खालून निरोप आला, यमुना पहिली.

तरी फोटो आला की नाही हे अजून कोणाला माहीत नव्हतं. दुपारी आप्पांच्या न्हाणीघरात, दाराच्या फटींना चिंध्या लावून, लाल दिव्याखाली आम्ही दोघं उभे होतो. थाळीतल्या औषधात कागद सोडला. आधी झाडांची खोडं आली. मग टायर, मग केस, मग झापडीची कड. मग तिथे जो पांढरा कागद होता त्यावर हळूहळू गाल आला, नाक आलं, डोळे आले, हसताना दिसणारे दात आले. सावळा, ठसठशीत, पुरा चेहरा. कवडसे तिच्या खांद्यांवर होते आणि तोंडावर शांत उजेड होता.

"आली," आप्पा म्हणाले.

मला रडू आलं. ते सांगायला मला आज लाज वाटत नाही. दोन वर्षं मी ते तोंड पेपराबाहेर ठेवलं होतं, आणि ते असं होतं. बाहेरून वहिनींनी विचारलं, "काय झालं? कोण रडतंय?" आप्पा म्हणाले, "पेपरवाले आहेत, रडू दे."

छपाईचं भांडण इथे सांगत बसत नाही. आमचे छपाईचे फोरमन आणि आप्पा नंतर सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. संपादकांनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पहिल्या पानावर तीन कॉलम दिले. फोटोखालची ओळ मी लिहिली. यमुनाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पाड्याच्या नावासकट, आणि 'सलग तिसऱ्यांदा प्रथम'.

सकाळी गठ्ठ्यातले दहा पेपर काखेत मारून मी आप्पांच्या मोपेडवर मागे बसलो आणि आम्ही आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतला गेलो. विचारत विचारत, द्राक्षं निवडून भरायचं ते पॅकहाऊस सापडलं. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना बाया कात्रीने घडांतले खराब मणी काढतायत, माणसं क्रेट उचलतायत, बाहेर टेम्पो लागलेला. यमुनाच्या वडिलांना हाक मारली तेव्हा एक काटक माणूस क्रेट खाली ठेवून आला. आम्ही पेपरवाले म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम मिटला.

"आता कशाला आलात?" तो म्हणाला.

मी पेपर पुढे केला. त्याने आधी सदऱ्याला दोन्ही हात नीट पुसले, मग तो धरला. त्याला वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती. तो किती वेळ बघत होता ते मला सांगता येणार नाही. शेडमधल्या कात्र्या हळूहळू थांबल्या, एवढं आठवतं. आप्पांच्या गळ्यात कॅमेरा होता, पण त्यांनी तो उचलला नाही. ते छत्रीवर दोन्ही हात ठेवून नुसते त्या माणसाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तो माणूस पेपर घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला, सगळ्यांच्या समोरून, सावकाश. तिथे मुकादम वही घेऊन उभा होता. बापाने पेपर त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर ताठ उभा राहिला. मुकादमाने फोटो बघितला. मग पेपर वर उचलून बापाच्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. सगळी शेड बघत होती.

"नाक तं तुझंच हे रे," मुकादम म्हणाला.

"मंग दोन वरीस काय सांगत व्हतो मी?" बाप म्हणाला, आणि असा हसला, की फोटोतली यमुना तिथेच उभी आहे असं वाटलं.